सिलेक्टमधले मोजके पर्याय कोडमधून डिसेबल करायचे असतील तर

ड्रॉपडाउनमधला एखादा पर्याय बंद करणं हे एका ओळीचं काम. ती ओळ लिहिली की पर्याय करडा होतो, क्लिक घेत नाही, आणि काम झालं असं वाटतं. मग तक्रारी यायला लागतात. बंद केलेला पर्याय आधीच निवडलेला होता, तो तसाच दिसत राहिला. फॉर्म सबमिट झाला, पण सर्व्हरकडे ते फील्ड पोहोचलंच नाही. एकदा बंद झालेला पर्याय पुन्हा उघडलाच नाही.

डिसेबल केल्याने फक्त एवढंच होतं की वापरणाऱ्याला तो पर्याय नव्याने निवडता येत नाही. झालेली निवड काढणं, शेजारच्या ड्रॉपडाउनला कळवणं, सर्व्हरवर अडवणं यातलं काहीही ब्राउझर आपणहून करत नाही. ती कामं आपली, आणि त्यांचा क्रम चुकला की वरच्या तक्रारी सुरू होतात.

या लेखात एचटीएमएलचा साधा सिलेक्ट (ड्रॉपडाउन बनवणारा टॅग; त्यातला प्रत्येक पर्याय म्हणजे एक ऑप्शन) आणि जावास्क्रिप्ट धरली आहे. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; फाइलमध्ये अर्थातच ती मूळ स्पेलिंगनेच टाइप करायची. उदाहरण म्हणून बुकिंगचा एक फॉर्म घेऊ. त्यात वेळेचा ड्रॉपडाउन आहे, पर्याय सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र, आणि ज्या वेळा भरल्या आहेत त्या बंद करायच्या आहेत.

१. बंद करायचं, लपवायचं की काढून टाकायचं?

हे कोड लिहायच्या आधी ठरवा. पर्याय अस्तित्वात आहे पण आत्ता मिळत नाही, हे वापरणाऱ्याला कळायला हवं असेल तर डिसेबल करा. तो पर्याय या वापरणाऱ्याच्या कामाचाच नसेल तर यादीतून काढून टाका. करड्या ओळींची रांग बघून कुणाचंच भलं होत नाही. सीएसएसने ऑप्शन लपवण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका. डिस्प्ले नन लावलेला ऑप्शन सगळ्या ब्राउझरमध्ये सारखा वागेल याची खात्री धरता येत नाही, विशेषतः फोनवर जिथे यादी ऑपरेटिंग सिस्टिमच्या पद्धतीने उघडते.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या. तुम्हाला खरं तर अख्खा सिलेक्ट ‘फक्त वाचायला’ ठेवायचा आहे का? सिलेक्टला रीडओन्ली ही सोय नाही. अख्खा सिलेक्ट डिसेबल केला तर त्याची व्हॅल्यू (निवडीची, सर्व्हरकडे जाणारी खूण) फॉर्मबरोबर जात नाही. अशा वेळी निवडलेला पर्याय सोडून बाकीचे सगळे पर्याय डिसेबल करायचे: दिसायला ड्रॉपडाउन तोच राहतो, बदलता येत नाही, आणि व्हॅल्यू मात्र जाते.

२. व्हॅल्यू नीट करून घ्या

प्रत्येक ऑप्शनला स्वतःची व्हॅल्यू द्या. दिली नाही तर ब्राउझर ऑप्शनचा मजकूरच व्हॅल्यू म्हणून धरतो, आणि पुढे कुणी ‘सकाळ’चं ‘सकाळची वेळ’ केलं की तुमची अट गप्पपणे निकामी होते. मजकुरावर किंवा क्रमांकावर, म्हणजे ‘यादीतला तिसरा’ अशा हिशोबाने, ऑप्शन शोधू नका. वर एक नवीन ओळ आली की तिसरा चौथा होतो.

सावधान: ऑप्शनची व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते. सर्व्हरकडून भरलेल्या वेळांचे आयडी आकड्यांच्या रूपात आले आणि तुम्ही ते तसेच एका सेटमध्ये (जावास्क्रिप्टमधला मूल्यांचा संग्रह) ठेवले, तर त्या सेटला ‘३’ या स्ट्रिंगबद्दल विचारल्यावर उत्तर नाही असंच येईल. एरर येत नाही, काही बंदही होत नाही, आणि अर्धा तास ऑप्शनकडे बघण्यात जातो. सेट भरतानाच सगळं स्ट्रिंगमध्ये बदलून घ्या.

पहिली ओळ ‘वेळ निवडा’ अशी, रिकाम्या व्हॅल्यूची ठेवा. पाचव्या टप्प्यात तिची गरज पडणार आहे.

३. एकच फंक्शन, आणि त्यात दोन्ही बाजू

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी लिहिलेली असते: वेळ भरलेल्यांत असेल तर ऑप्शन.डिसेबल्ड = ट्रू. एवढंच. ‘नसेल तर’ची बाजूच नाही. पहिल्यांदा सगळं बरोबर दिसतं. वापरणाऱ्याने तारीख बदलली, नव्या तारखेला सकाळ मोकळी आहे, तरी ती बंदच राहते. मग कुणीतरी ‘आधी सगळे उघडा’ असं दुसरं फंक्शन लिहितो, आणि ते कुठून कुठून बोलवायचं याचा घोळ सुरू होतो.

त्याऐवजी प्रत्येक ऑप्शनची स्थिती दर वेळी पहिल्यापासून ठरवा:

ऑप्शन.डिसेबल्ड = भरलेल्या.हॅज(ऑप्शन.व्हॅल्यू)

इथे ‘भरलेल्या’ म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला भरलेल्या वेळांचा सेट. उजवीकडचं उत्तर ट्रू आलं तर बंद, फॉल्स आलं तर चालू. ही ओळ सिलेक्टच्या ऑप्शन्स या यादीवर फिरवा. चिल्ड्रनवर फिरवू नका, कारण ऑप्टग्रुपच्या (पर्यायांच्या गटाच्या टॅगच्या) आत असलेले ऑप्शन चिल्ड्रनमध्ये येत नाहीत; ऑप्शन्समध्ये येतात.

सावधान: प्रॉपर्टी (कोडमधून ऑप्शन.डिसेबल्ड अशी) वापरा, ॲट्रिब्यूट (एचटीएमएलच्या टॅगमधला) नको. सेटॲट्रिब्यूटने डिसेबल्डला फॉल्स दिलं तर पर्याय उघडत नाही, उलट बंद होतो. हा ॲट्रिब्यूट नुसता हजर असला की लागू होतो. त्यात काय लिहिलंय हे ब्राउझर बघत नाही. ॲट्रिब्यूटच वापरायचा हट्ट असेल तर उघडताना रिमूव्हॲट्रिब्यूट लागेल. जेक्वेरी ही लायब्ररी वापरत असाल तर ॲटरऐवजी प्रॉप वापरा.

तपासा: ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ते फंक्शन दोनदा चालवा, मधे भरलेल्या वेळांची यादी बदलून. दुसऱ्या वेळी जुने बंद पर्याय उघडले पाहिजेत. नाही उघडले तर पुढे जाऊ नका.

४. फंक्शन कधी चालवायचं

पर्याय यादीत आल्यानंतर. हे उघड वाटतं, पण यादी सर्व्हरकडून येत असेल तेव्हा नेमकं हेच चुकतं. पान लोड झाल्यावर डिसेबलचं फंक्शन चालतं, तेव्हा सिलेक्ट रिकामा असतो. थोड्या वेळाने पर्याय येतात आणि सगळे उघडेच असतात. किंवा तारीख बदलल्यावर इनरएचटीएमएलने यादी नव्याने भरली जाते आणि आधी लावलेलं डिसेबल जुन्या ऑप्शनबरोबर पुसलं जातं. उपाय साधा आहे: यादी भरणाऱ्या फंक्शनची शेवटची ओळ म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या फंक्शनला हाक.

हाक मारायच्या जागा साधारण अशा: यादी भरून झाल्यावर, ज्या फील्डवर अट अवलंबून आहे त्याच्या चेंज इव्हेंटला, आणि फॉर्म रीसेट झाल्यावर. रीसेटमध्ये एक खोच आहे. रीसेटचा इव्हेंट येतो तेव्हा फील्ड अजून जुन्याच स्थितीत असतात. प्रत्यक्ष रीसेट त्यानंतर होतो. म्हणून तिथे फंक्शन सेटटाइमआउटमध्ये शून्य देऊन चालवावं लागतं. शिवाय रीसेट निवड मूळ जागी नेतो, पण तुम्ही कोडने बदललेलं डिसेबल्ड पूर्ववत करत नाही.

ब्राउझरचं बॅक बटणही विसरू नका. मागे येणाऱ्याला कधी पान जसंच्या तसं परत मिळतं, कधी ब्राउझर आधीच्या निवडी आपणहून भरतो. पेजशो इव्हेंटला फंक्शन पुन्हा चालवलं की दोन्ही निस्तरतं.

आणि वापरणाऱ्याने पटापट दोन तारखा बदलल्या तर? पहिल्या तारखेचं उत्तर दुसऱ्यानंतर येऊ शकतं आणि चुकीच्या वेळा बंद होऊ शकतात. उत्तर आल्यावर ‘ही अजूनही निवडलेलीच तारीख आहे का’ एवढं बघून मगच लावा.

५. आधीच निवडलेला पर्याय बंद झाला तर

या टप्प्याला घाई करू नका, बहुतेक बग इथलेच असतात.

वापरणाऱ्याने संध्याकाळ निवडली. मग तारीख बदलली, आणि त्या तारखेला संध्याकाळ भरलेली आहे. तुमच्या फंक्शनने संध्याकाळ डिसेबल केली. आता काय दिसतं? ड्रॉपडाउनवर संध्याकाळच. डिसेबल केल्याने निवड सुटत नाही. आता कन्सोलमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी बघा. सिलेक्टची व्हॅल्यू विचारली तर संध्याकाळच मिळते. फॉर्मडेटा (फॉर्मबरोबर जे पाठवलं जाईल त्याचा संच) बनवून त्यातून तेच फील्ड काढलं तर नल, म्हणजे काहीच नाही, मिळतं. फॉर्म पाठवताना ब्राउझर डिसेबल्ड ऑप्शन वगळतो, म्हणजे स्क्रीनवर एक आणि सर्व्हरकडे दुसरंच.

रिक्वायर्ड (फील्ड भरणं सक्तीचं करणारा ॲट्रिब्यूट) लावलंय म्हणून निश्चिंत राहू नका. ब्राउझर एवढंच बघतो की रिकामी ओळ सोडून काही निवडलंय का; निवडलेलं डिसेबल्ड आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फॉर्म पुढे जातो, फील्ड मागे राहतं. जेक्वेरीवाल्यांना यात वेगळाच धक्का बसतो: व्हॅल हे फंक्शन बंद पर्याय वगळून उत्तर देतं, त्यामुळे तिथे व्हॅल्यू नल येते आणि साध्या जावास्क्रिप्टमध्ये तीच व्हॅल्यू भरलेली दिसते. एकाच पानावर दोन्ही शैलींचा कोड असेल तर डीबग करणाऱ्याची पुरती दमछाक होते.

म्हणून डिसेबलच्या लूपनंतर लगेच निवड तपासा. निवडलेला ऑप्शन बंद झाला असेल तर सिलेक्टची व्हॅल्यू रिकामी करा, म्हणजे ‘वेळ निवडा’ ही ओळ परत येईल, आणि शेजारी एक छोटी सूचना दाखवा: ‘या तारखेला संध्याकाळ भरली आहे, दुसरी वेळ निवडा.’ आपोआप पुढच्या मोकळ्या वेळेवर उडी मारायचा मोह होतो. माझं मत विचाराल तर नको. वापरणाऱ्याचं लक्ष तारखेकडे असतं, वेळ बदललेली त्याच्या लक्षातही येत नाही आणि भलतंच बुकिंग होतं.

सावधान: कोडने निवड बदलली तर चेंज इव्हेंट येत नाही. त्या निवडीवर अजून काही अवलंबून असेल, उदाहरणार्थ रक्कम दाखवणारी ओळ, तर इव्हेंट तुम्हालाच पाठवावा लागेल, बबल्स चालू ठेवून, म्हणजे तो बाहेरच्या घटकांपर्यंतही पोहोचेल. पण निवड खरोखर बदलली असेल तरच पाठवा. नाहीतर चेंजवरून फंक्शन, फंक्शनमधून चेंज असं चक्र फिरत राहतं आणि टॅब अडकू शकतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. डिसेबल्ड वापरणाऱ्याला अडवतं, कोडला नाही. सिलेक्टच्या व्हॅल्यूत तुम्ही बंद पर्यायाची व्हॅल्यू टाकली तर तो निमूटपणे निवडला जातो.

जुनी नोंद दुरुस्त करण्याच्या पानावर मात्र वेगळा नियम लागतो. नोंद झाली तेव्हा संध्याकाळ मोकळी होती, आता भरली आहे. आणि भरली आहे ती कदाचित याच नोंदीमुळे. इथे वरचा नियम जसाच्या तसा चालवला तर नुसतं नाव दुरुस्त करायला आलेल्याची वेळ उडते. अटीत ‘या नोंदीची मूळ वेळ सोडून’ एवढी भर घाला.

तपासा: पर्याय निवडा, मग तो बंद होईल असं काही करा, आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये प्रत्यक्ष काय पाठवलं गेलं ते बघा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

६. एकमेकांवर अवलंबून असलेले ड्रॉपडाउन

पहिली, दुसरी आणि तिसरी पसंती असे तीन ड्रॉपडाउन, आणि एकात घेतलेलं दुसऱ्यात मिळू नये. यासाठी क्रम असा:

१. तिन्ही ड्रॉपडाउनच्या सध्याच्या व्हॅल्यू गोळा करा.
२. त्यातून रिकामी व्हॅल्यू काढून टाका.
३. प्रत्येक ड्रॉपडाउनमधल्या प्रत्येक ऑप्शनसाठी: तो घेतलेल्यांत असेल आणि याच ड्रॉपडाउनची सध्याची निवड नसेल, तर बंद, नाहीतर चालू.

दुसरी पायरी गाळली तर ‘निवडा’ ही ओळच बंद होते आणि एकदा केलेली पसंती कुणालाच मागे घेता येत नाही. तिसऱ्या पायरीतली ‘याच ड्रॉपडाउनची निवड नसेल’ ही अट गाळली तर प्रत्येक ड्रॉपडाउन स्वतःचीच निवड बंद करतो, आणि मग पाचव्या टप्प्यातला सगळा गोंधळ.

पर्याय तीनच आणि ड्रॉपडाउनही तीन असतील तर आणखी एक कोंडी होते. सगळे भरल्यावर पहिली आणि दुसरी पसंती अदलाबदल करायची असेल तर काहीच हलत नाही, सगळीकडे सगळं बंद. सुटका एकच: रिकामी ओळ नेहमी उघडी ठेवा, म्हणजे एक जागा मोकळी करून बदल करता येतो. ‘निवडा’ ओळीलाच डिसेबल्ड लावायची जी सर्रास सवय आहे ती इथे नडते.

७. गट असतील तर

ऑप्टग्रुपला डिसेबल्ड लावलं की आतले सगळे पर्याय बंद होतात. पण आतल्या ऑप्शनची डिसेबल्ड प्रॉपर्टी विचारली तर ती फॉल्सच सांगते, कारण ती फक्त त्या ऑप्शनवरचा स्वतःचा ॲट्रिब्यूट बघते. खरी स्थिती हवी असेल तर मॅचेसला :डिसेबल्ड (पुढचा कोलन धरून) हा सिलेक्टर देऊन विचारा. पाचव्या टप्प्यातली निवडीची तपासणीही याच पद्धतीने लिहा, म्हणजे पुढे कुणी गट वाढवले तरी ती टिकेल.

८. सजवलेले ड्रॉपडाउन आणि फ्रेमवर्क

मूळ सिलेक्ट लपवून स्वतःची यादी दाखवणाऱ्या लायब्ररीत तुम्ही मूळ ऑप्शन बंद केला तरी दिसणारी यादी जुनीच राहू शकते. चोझनमध्ये बदलानंतर चोझन:अपडेटेड हा इव्हेंट ट्रिगर करावा लागतो. बूटस्ट्रॅप-सिलेक्ट आणि जेक्वेरी यूआयच्या सिलेक्टमेन्यूत रिफ्रेश बोलवावं लागतं. क्रम नेहमी तोच: आधी सगळे ऑप्शन लावून घ्या, निवड तपासा, आणि शेवटी एकदाच रिफ्रेश. लूपच्या आत प्रत्येक ऑप्शनला रिफ्रेश केलं तर मोठ्या यादीत पान अडखळतं.

रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर वापरत असाल तर डॉममध्ये (पानाच्या प्रत्यक्ष घटकांमध्ये) थेट हात घालू नका. ऑप्शनच्या डिसेबल्डला स्टेटमधून काढलेली अट बांधा. तिसऱ्या टप्प्यातली ओळ तीच, फक्त जागा टेम्प्लेटमध्ये. पाचवा टप्पा मात्र तिथेही सुटत नाही. अट बदलली तरी निवडलेली व्हॅल्यू स्टेटमध्ये तशीच असते, ती तुम्हालाच रिकामी करावी लागते.

डिव आणि लिस्टवरून स्वतः बनवलेला ड्रॉपडाउन असेल तर तिथे डिसेबल्ड ॲट्रिब्यूटला काही अर्थ नाही. एरिया-डिसेबल्डला ट्रू द्यावं लागतं, आणि तेही फक्त स्क्रीन रीडरला सांगण्यापुरतं. क्लिक, एंटर आणि स्पेस तुम्हालाच अडवावे लागतात. माउस अडवून कीबोर्ड मोकळा सोडलेले ड्रॉपडाउन कितीतरी दिसतात.

९. का बंद आहे ते सांगा

करडी ओळ कारण सांगत नाही. ऑप्शनवर टायटल लावून टूलटिप दिसेल अशी आशा धरू नका. फोनवर तर माउसच नसतो. कारण मजकुरातच घाला: ‘संध्याकाळ (भरली)’. फक्त मजकूर बदलताना मूळ नाव वेगळं, डेटा ॲट्रिब्यूटमध्ये, जपून ठेवा आणि दर वेळी त्यावरूनच ओळ बनवा. नाहीतर तीनदा तारीख बदलल्यावर ‘संध्याकाळ (भरली) (भरली) (भरली)’ दिसतं.

१०. सर्व्हरवर तीच अट पुन्हा

डेव्हलपर टूल्स उघडून डिसेबल्ड काढायला काही सेकंद लागतात. शिवाय कुणाचाही वाईट हेतू नसताना, फॉर्म उघडणं आणि पाठवणं यांच्या मधल्या वेळात दुसरं कुणीतरी ती वेळ घेऊ शकतं. म्हणून सर्व्हरवर तीन वेगळ्या गोष्टी तपासा: फील्ड आलंच नाही, आलं पण यादीबाहेरची व्हॅल्यू आहे, आणि यादीतली आहे पण आता मिळत नाही. तिन्हींना ‘चुकीची माहिती’ असा एकच संदेश देऊ नका. तिसऱ्या प्रकारात भरलेल्या वेळांची ताजी यादी उत्तराबरोबर परत पाठवा, आणि पानावर ती आल्यावर तिसऱ्या टप्प्यातलं तेच फंक्शन पुन्हा चालवा.